गैरहजेरीचा वार

आमच्या कर्जतच्या कॉलेजात यंदापासून हजेरी मोबाइलवर घेतली जाते. टर्म संपत आली की यंत्रच हिशोब करतं, कमी हजेरीवाल्यांची यादी बनवतं आणि पालकांना परस्पर संदेश पाठवतं : आपल्या पाल्याची हजेरी अपुरी आहे. गेल्या आठवड्यात ती यादी माझ्या फोनवर आली. समितीची प्रमुख आता मी आहे. एकशे काही नावं, प्रत्येकापुढे टक्केवारी, शेवटच्या रकान्यात तांबडा ठिपका. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला काहीच कळलं नाही. तेव्हा म्हसकर सर आठवले. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

सर संख्याशास्त्र शिकवायचे. मूळचे कर्जतजवळचेच, दहिवलीच्या पलीकडच्या एका गावातले. घरची भातशेती होती. धाकटा भाऊ ती बघायचा आणि सर लावणीच्या दिवसांत रविवारी चिखलात उतरायचे. सोमवारी वर्गात येताना मात्र पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशात दोन पेन्सिली. पेन त्यांच्याकडे असायचंच, पण मस्टरवर ते पेन टेकवत नसत. पोराचं नाव आहे, शाईनं चूक झाली तर राहून जाते, असं म्हणायचे. भाषा अगदी पुस्तकातली. 'नाही', 'आहे', 'आम्ही', सगळं जिथल्या तिथे. फोनवर भावाशी बोलताना मात्र तेच सर 'नाय रं, आमी येतो उद्या' म्हणायचे आणि फोन ठेवला की परत पुस्तकात जायचे. मला त्याची गंमत वाटायची. त्यामागे काय आहे ते कळायला वेळ लागला.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी प्राचार्यांनी मला सरांच्या हाताखाली समितीवर टाकलं. समितीला कागदावर लांबलचक नाव होतं. आम्ही तिला डिफॉल्टर कमिटी म्हणायचो आणि मुलं पेशी म्हणायची. काम सोपं होतं. ज्याची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, किंवा ज्याच्या केटी, म्हणजे मागे राहिलेले विषय, फार साठल्या आहेत, त्याला पालकांसह बोलवायचं, कारण विचारायचं, आणि ठरवायचं : टर्म द्यायची, हमीपत्र घेऊन द्यायची, की नाकारायची. टर्म नाकारली की परीक्षेला बसता येत नाही. वर्ष जातं. आमच्या भागात वर्ष गेलं की बहुतेकदा मुलगी घरी बसते आणि मुलगा एखाद्या कंपनीच्या गेटवर उभा राहतो.

पहिल्याच बैठकीआधी सरांनी मला मस्टर दिलं आणि म्हणाले, "मॅडम, टक्के बघू नका. गैरहजेरीला वार असतो. आधी तो वार शोधा."

मला वाटलं, संख्याशास्त्रवाल्यांची काहीतरी खोड असेल. पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एका मुलीच्या नावापुढे दर मंगळवारी शून्य. तिच्या गावाजवळचा बाजार मंगळवारचा, आई भाजी घेऊन बसते, धाकट्याला सांभाळायला ही घरी. दुसऱ्या एकाचा फक्त पहिला तास बुडलेला, रोज. त्याच्या गावची एसटीच तासाच्या मध्यावर पोचते. राकेश नावाच्या मुलाचं पान त्यांनी मला स्वतः वाचायला सांगितलं. मी बराच वेळ बघत बसले. एक आठवडा पूर्ण हजर, पुढचा पूर्ण गैरहजर, मग परत हजर. मला काही सुचेना.

राकेश आत आला तेव्हा सर उठले, आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला नेली आणि त्याच्या शेजारी बसले. हे ते प्रत्येक वेळी करायचे. मग मस्टर दोघांच्या मध्ये धरून त्यांनी इतकंच विचारलं, "साजगावला कुठल्या कंपनीत आहेस?"

राकेशचा चेहरा उतरला. त्यानं कॉलेजला ते लपवलं होतं आणि कंपनीला कॉलेज लपवलं होतं. साजगावच्या कारखान्यांत पाळी आठवड्याला बदलते, ते सरांना ठाऊक होतं : एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. पहिली पाळी असली की सकाळचं कॉलेज बुडायचं. वडील पूर्वी त्याच कंपनीत होते, आता कमरेनं अधू. सरांनी कीव केली नाही की भाषण दिलं नाही. नियम वाचून दाखवला. मग शनिवारी जादा तास लावायची परवानगी प्राचार्यांकडून आणली आणि स्वतः साजगावला गेले. सुपरवायझरनं पहिल्यांदा गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा सर परीक्षेचं वेळापत्रक घेऊन गेले आणि परीक्षा होईपर्यंत मुलाला दुसरी पाळीच मिळावी एवढं मागून आले. ते मिळालं. राकेश त्या वर्षी पास झाला, पुढच्या वर्षी दोन विषयांत राहिला, नंतर सुटला. आता तो त्याच कंपनीत आहे, जरा बऱ्या जागेवर.

यावरून कुणी सरांना मऊ म्हणेल. तसे ते नव्हते. प्लॉटिंगच्या धंद्यातल्या एका बड्या माणसाचा मुलगा एकदा यादीत आला. वडील गाडीतून उतरले, डॉक्टरचा दाखला टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच म्हणाले की कावीळ झाली होती. सरांनी दाखल्यावरच्या तारखा पेन्सिलीनं मस्टरशी ताडून बघितल्या. मग शांतपणे सांगितलं की हा मुलगा आजारी होता त्या दिवसांत वर्गात बसलेला आहे आणि बरा झाल्यापासून आलेला नाही. आमचा क्लार्क कदम खाली मान घालून हसू दाबत होता. वडिलांनी मग संस्थेच्या लोकांची नावं घेतली. सरांनी ती ऐकून घेतली. टर्म नाकारली. त्यानंतर गॅदरिंगला त्या घराकडून येणारी ढाल बंद झाली. तो मुलगा नंतर ग्रॅज्युएट झाला की नाही मला माहीत नाही; कर्जतच्या बाजारात सर समोर दिसले की तो रस्ता बदलायचा. सर म्हणायचे, "त्याला माझा राग आहे. असू दे. राग धरायला तरी तो कुणाला तरी ओळखतो."

सरांची एक सवय स्टाफरूममध्ये कुणालाच आवडत नसे. हमीपत्रावर मुलगा लिहून देतो की मी यापुढे नियमित हजर राहीन, खाली पालकांची सही. सरांनी त्यात एक ओळ वाढवली होती : शिक्षक काय करतील. आणि तिथे त्या विषयाच्या शिक्षकानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. मराठीच्या मॅडमनी एकदा रागानं 'शिक्षक शिकवतील' असं लिहिलं. सरांनी कागद परत पाठवला, ते तर पगारातच आलं म्हणून. मलाही पहिल्या वर्षी काय लिहावं सुचत नव्हतं. वर्षभर मी जिचं अर्थशास्त्र घेत होते ती मुलगी कुठून येते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ती ओळ लिहायच्या निमित्तानं मी तिला पहिल्यांदा विचारलं.

आता कमलबद्दल सांगते. सरांबद्दल सांगायचं ते खरं तर हेच.

कमल निरगुडे दुसऱ्या वर्षाला होती. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाकरवाडीतली, म्हणजे आदिवासी वस्तीतली. त्या वाडीतून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. इतर सगळ्या विषयांत तिची हजेरी जवळपास पूर्ण होती. एका संख्याशास्त्रात मात्र इतकी कमी, की त्या एका विषयापायी टर्म अडकत होती. सरांनी बैठकीच्या आदल्या दिवशी पान वाचलं आणि मला म्हणाले, तास शेवटचा आहे, हिची जीप चुकत असणार. मला ते पटलं. तोवर मी त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमल आईला घेऊन आली. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पदर दोन्ही हातांत धरून. सर नेहमीप्रमाणे खुर्ची घेऊन कमलच्या बाजूला गेले. सगळ्यांना चहा सांगितला. समोरच्याला चहा नसेल तर ते स्वतःही घेत नसत. मग त्यांनी विचारलं की वाडीकडे जाणारी जीप किती वाजता सुटते.

कमल म्हणाली की ती संध्याकाळच्या एसटीनं जाते. कॉलेज दुपारीच सुटायचं. म्हणजे जीपचा प्रश्न नव्हता.

सर थोडे गोंधळले. मस्टर पुन्हा पहिल्या पानापासून बघू लागले. सुरुवातीला ती त्यांच्या तासाला नियमित होती. मग एका बुधवारनंतर एकही दिवस नाही. त्यांनी विचारलं, त्या तासाला तू कुठे असतेस.

"लायब्ररीत."

"काय करतेस तिथे?"

"तुमचाच विषय."

कदमनं लिहायचं थांबवलं. सरांनी आपली दैनंदिनी मागवली. रोज वर्गात काय शिकवलं, ते सर त्यात लिहीत. त्या बुधवारचं पान उघडलं. मला शेजारून दिसत होतं : मध्यमान, तोंडी उदाहरणे. ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांचा हात पानावरच राहिला, आणि मला कळलं की त्यांना आठवलं आहे.

"त्या दिवशी तुमी हसलात, सर," कमल म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

झालं होतं ते असं. सरांनी तोंडी उदाहरण घातलं होतं. सगळ्या वर्गात कमलनं पहिल्यांदा हात वर केला आणि उत्तर दिलं, "तीन विसा न् पाच." पासष्ट. उत्तर बरोबर होतं. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, कुठल्या शतकातून आलीस गं? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तासाला थोडी मजा यावी म्हणून शिक्षक बोलतात तसं ते बोलून गेले आणि विसरले. कमल दुसऱ्या दिवसापासून लायब्ररीत बसू लागली.

आईला वाटलं, पोरीनं सरांना उलट उत्तर दिलं. ती घाबरून पुढे सरकली. "पोर हाय, सायेब. चुकली असंल. तिच्या बोलन्याचं मनावर घेऊ नका." आणि तिनं हात जोडले.

त्या जोडलेल्या हातांकडे बघताना सरांचा जो चेहरा झाला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी तिला हात खाली घ्यायला सांगितलं. म्हणाले, "ती चुकली नाही." निर्णय उद्या कळवतो म्हणून त्यांनी दोघींना जाऊ दिलं. जाताना कमलनं तिचा आणि आईचा कप उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी बाकीची नावं पुढे ढकलली. रजिस्टर ओढून घेतलं. प्रत्येक मुलापुढे गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना होता : आजारपण, काम, प्रवास, असं काहीतरी. कमलच्या नावापुढे त्यांनी लिहिलं : 'शिक्षकाचे वर्गातील अनुचित वर्तन.' शिक्षकाचं नाव लिहिलं, स्वतःचं. खाली सही केली. आणि ते सगळं पेनानं.

दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं ते मला मुलांकडून कळलं. सर आत आले, हजेरी घेतली नाही. फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले की माझी आजी भाताचे भारे विसांनी मोजायची, मी तिच्याशेजारी बसून मोजायला शिकलो, आणि कॉलेजात आल्यावर ते विसरल्याचं सोंग घेतलं, कारण त्या वेळी मलाही कुणीतरी हसलं होतं. "इतकी वर्षं मी तुमच्यापुढं 'नाही' म्हनतोय. घरी मी नायच म्हनतो. कमलनं सांगितलेलं उत्तर बरोबर होतं न् मी हसलो. चूक माझी हाय." एवढं बोलून त्यांनी त्या बुधवारचं उदाहरण परत घातलं, आणि ते विसांनी मोजून सोडवून दाखवलं. मुलं म्हणाली, कुणी हसलं नाही, पण कुठे बघावं तेही कळत नव्हतं.

कमल त्या तासाला नव्हती. ती लायब्ररीत होती. तिला ते मैत्रिणीकडून कळलं. ती आली चार दिवसांनी, आणि मागच्या बाकावर बसली.

रजिस्टरचं प्रकरण मात्र वाढलं. कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती येणार होती आणि हेच रजिस्टर त्यांच्यापुढे जाणार होतं. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मलाही, साक्षीला असल्यासारखं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की माफी मागितलीत, विषय संपला, आता रकान्यात 'वैयक्तिक कारण' लिहा. सर म्हणाले की कारण वैयक्तिक नाही. प्राचार्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग पुन्हा समजावलं. शेवटी सर इतकंच म्हणाले, "सर, तिचं कारण मी बदललं तर उद्यापासून मी कुठल्या मुलाला खरं कारण विचारू?"

ती ओळ तशीच राहिली. तपासणीवाल्यांनी ते पान उघडलं की नाही, कुणास ठाऊक. त्या उन्हाळ्यात उपप्राचार्यपद रिकामं झालं. सेवेनं सर सगळ्यांत पुढे होते. पद दुसऱ्यांना मिळालं. का, ते कुणी बोललं नाही आणि सरांनीही विचारलं नाही. मी एकदा चिडून विषय काढला तर ते नव्या उपप्राचार्यांच्या टाइमटेबलचं कौतुक करायला लागले. पण त्या दिवशी डबा त्यांनी अर्धाच खाल्ला, हे मी पाहिलं.

कमलची टर्म हमीपत्रावर मिळाली. शिक्षकाच्या ओळीत सरांनी लिहिलं, 'दर शनिवारी बुडालेले तास भरून देईन.' ते त्यांनी दिले. ती यायची, वही उघडायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची आणि निघून जायची. दोघांत काही फार जिव्हाळा झाला असं मी म्हणणार नाही. संख्याशास्त्रात ती चांगल्या मार्कांनी सुटली, इंग्रजीत केटी लागली, ती पुढच्या वर्षी गेली. आता खोपोलीत एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात बसते. सर गेल्याचं मीच तिला फोन करून सांगितलं. कधी गेले ते तिनं विचारलं. मग म्हणाली, "सर चांगले होते, मॅडम." आणि जरा थांबून, "पण हसले होते."

मला तिचा राग आला नाही. सरांनाही आला नसता, असं मला वाटतं. रजिस्टरमध्ये त्यांनीही तेच लिहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी दहिवलीला एका देवळाच्या सभामंडपात वर्ग सुरू केला. पाटी वगैरे नव्हती. केटी लागलेली, वर्ष गेलेली, कुठेच नाव नसलेली मुलं रविवारी सकाळी तिथे येत. कधी चार, कधी दहा. मी खोपोलीला राहते, त्यामुळे रविवारी मुद्दाम असं जाणं झालं नाही. एकदा मार्चमध्ये त्या बाजूला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून डोकावले. त्यानंतर सर मला दिसले नाहीत.

ऊन वर आलं होतं. मंडपात सहासात मुलं सतरंजीवर बसली होती आणि सर त्यांच्यातच, मांडी घालून, भिंतीला टेकून. बारीक झाले होते. खांबाला टेकवून ठेवलेल्या फळ्यापाशी एक मुलगा खडू घेऊन उभा होता. दोन ओळी लिहून तो अडला होता. मी चपला काढून पायरीशीच थांबले, तास मोडायला नको म्हणून. मुलगा फळ्याकडे बघत होता, मग जमिनीकडे, मग परत फळ्याकडे. पुढे बसलेल्या एका मुलीनं उत्तर सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी तिच्याकडे न बघताच हात जरासा वर केला. ती गप्प झाली. सरांनी मुलाला खुणेनंही काही सुचवलं नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि त्याच्या पाठीकडे बघत बसून राहिले. बाहेर कुणाचीतरी गाय घंटा वाजवत गेली. माझी रिक्षा थांबलेली होती, रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मी पायरीवरूनच नमस्कार केला; त्यांचं लक्ष नव्हतं. चपला घालताना मी शेवटचं वळून बघितलं तेव्हा मुलानं हातातला खडू उचलला होता, पण अजून फळ्याला लावला नव्हता, आणि सर तसेच बसून होते, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही काम नव्हतं.